आता वर बघा

भूलकाकांना बसलेलं माणूस बघवत नसे. स्वतः तर ते कधी टेकतच नसत, पण दुसरं कोणी निवांत बसलेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "बसलात? बरं नाही का?" हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे गणपतीत जेवायला आले की हातात कागदाची ताटली घेऊन किचनपासून मागच्या लाकडी डेकपर्यंत येरझारा घालत जेवायचे. माझ्या फिकट कार्पेटवर त्यांच्या चटणीचा डाग अजून आहे. त्यावरून मी त्यांना तोंडावर बोलले होते. "डाग पडला म्हणजे माणूस हललं," असं म्हणून ते पुन्हा भात वाढून घ्यायला गेले.

त्यांचं खरं नाव अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी मंडळींना माहीत नसेल. जन्म सोलापूरचा, डॉक्टरकी मुंबईत शिकले आणि तरुणपणीच अमेरिकेत आले. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देणारे डॉक्टर म्हणून जन्मभर काम केलं, म्हणून भूलकाका. रिटायर झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, आता तरी जरा आराम का नाही करत? म्हणाले, "आयुष्यभर लोकांना झोपवलं. आता तेवढ्यांना उठवल्याशिवाय मला सुटका नाही."

उठवायला माणसं कॅरीत भरपूर. आम्ही पुण्या-मुंबई-नागपूरहून आलेली पोरं आयटीत नोकऱ्या करतो आणि आईवडिलांना सहा-सहा महिन्यांसाठी बोलावून घेतो. आणतो कौतुकाने. मग सकाळी सगळे आपापल्या गाड्या काढून ऑफिसला जातात आणि ते दोन जीव त्या मोठ्या घरात उरतात. खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, चालत जावं तर फूटपाथ मध्येच कुठेतरी संपतो. मराठी सिरियल बघायची आणि संध्याकाळची वाट बघायची. कुणाकडे कोण आलंय ही बातमी काकांना कुठून लागायची देव जाणे, पण पहिल्या गुरुवारी त्यांची जुनी निळी व्हॅन दारात हजर.

"चला."

"कुठे?"

"कॅपिटॉलला. बूट घाला."

माझे बाबा असेच उठवले गेले. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून घेऊन आले होते. बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेला, गावभर हिंडणारा माणूस, माझ्याकडे आल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पोस्टाच्या गाडीची वाट बघायचा. पोस्टात त्यांचं काही येणार नव्हतं. मी लंचला ऑफिसमधून फोन करायची. "काय करताय बाबा?" "बसलोय." रोज तोच शब्द. आणि रात्री जेवताना, "माझं परतीचं तिकीट बघून ठेव." नागपुरात रिकामं घर होतं आणि ते तिथे काय करणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मीटिंगमध्ये बसले की माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहायचा. यार, कामात लक्ष लागायचं नाही.

काका आले तेव्हा बाबांनी गुडघ्याचं कारण सांगून बघितलं. "गुडघा बसून दुखतो, नागपूरकर," काका म्हणाले. ते सगळ्यांना गावावरून हाक मारायचे. "चालून दुखला तर मी डॉक्टर आहेच." त्या रात्री जेवताना बाबा आपणहून बोलले. "त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला रोमन कपडे घालून बसवलंय. मांड्या उघड्या. थंडीत काय हाल होत असतील." आणि त्यांनी भात मागून घेतला. मी डाळ आणायच्या निमित्ताने आत गेले आणि सिंकपाशी उभी राहून पोटभर रडले.

आता कॅपिटॉलच का, हे सांगते. राज्याचं कॅपिटॉल म्हणजे आपल्याकडचं विधानभवन. आमचं रॉलीला, गाडीने अर्ध्या तासावर. देशातल्या बाकीच्या कॅपिटॉलांच्या मानाने ते लहान. करड्या दगडाचं, चारी बाजूंना हात पसरलेलं, मध्ये घुमट आणि घुमटाच्या डोक्यावर मुकुट. आमदार केव्हाच शेजारच्या नव्या इमारतीत गेले. गव्हर्नरचं ऑफिस तेवढं राहिलंय, आणि वरच्या मजल्यावरची सभागृहं टेबलाखुर्च्यांसकट तशीच झाडूनपुसून ठेवलीयत. काकांचं कारण साधं होतं. "फुकट आहे. स्वच्छ बाथरूम आहे. आत गेल्यावर कोणी विचारत नाही तुम्ही कोण. देऊळच आहे, फक्त प्रसाद नाही."

हे त्यांचं बोलणं सातारच्या मावशींनी फार मनावर घेतलं. मावशी माझ्या शेजारणीची आई. पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी पायऱ्यांशी बूट काढून ठेवले. आत गेल्या, घुमटाखाली बरोबर मधोमध त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची पांढरी शुभ्र मूर्ती दिसली, आणि त्यांनी हात जोडून सरळ प्रदक्षिणाच सुरू केली. मागोमाग बाकीचेही फिरले. डेस्कवर बसणाऱ्या बाई उठून आल्या. सगळ्यांना वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. बाईंनी विचारलं, "इज धिस अ प्रेयर?" काका म्हणाले, "एक्सरसाइज." तेव्हापासून दर गुरुवारी प्रदक्षिणा ठरली, आणि बाई या मंडळींना 'थर्सडे पीपल' म्हणायला लागल्या. बूट मात्र मावशींना काकांनी घालायला लावले.

तिथली माहिती सांगणारे रीतसर गाइड असतात. काकांनी त्यांच्या मागेमागे फिरून सगळं पाठ केलं होतं आणि मग त्यात आपला मीठमसाला घालून मराठीत सांगायचे. लाडकी गोष्ट आगीची. याच जागी आधी एक इमारत होती. तिला आग लागू नये म्हणून छपरावर जस्ताचे पत्रे बसवायचं काम चाललं होतं, आणि त्याच कामातल्या निखाऱ्यांनी छप्पर पेटलं. "पाहा," काका म्हणायचे, "जे होऊ नये म्हणून काळजी घेत होते तेच झालं. कॉम्प्लिकेशन." खाली इटलीतल्या मोठ्या शिल्पकाराने घडवलेली मूर्ती होती. गावातले लोक ती वाचवायला धावले, पण ती इतकी जड की जागची हलेना. छप्पर तिच्यावर कोसळलं. आता आहे ती तिची नक्कल. इथे काका थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "लक्षात ठेवा. जे हलत नाही ते जळतं."

हे त्यांचं सुभाषित आम्हा सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं की माझी मुलगी ते मलाच ऐकवायची, मी रविवारी सोफ्यावर लोळत असले की.

आगीनंतर या आत्ताच्या इमारतीसाठी दगड खाणीतून आणायला रूळ टाकले होते, घोडे गाड्या ओढायचे. तर गावातली माणसं हौसेने त्या रुळांवरून फेरफटका मारून यायची म्हणे. "जायचं कुठेच नाही, नुसतं जाऊन यायचं," हे सांगताना काका खूश व्हायचे. पण पुढच्याच वाक्याला त्यांचा आवाज उतरायचा. तो दगड फोडणाऱ्यांत गुलामही होते, आणि त्यांची हौस कोणी विचारली नव्हती. मग जिना. त्याच्या पायऱ्यांच्या कडांचे टवके उडालेत. दारूची पिंपं वर-खाली गडगडवत नेल्यामुळे ते उडाले असं सांगतात. "पुरावा काही नाही," काका म्हणायचे, "पण पायऱ्यांना विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत."

आणि शेवट ठरलेला. सगळ्यांना मूर्तीभोवती गोल उभं करायचं. खाली बघा म्हणायचं. दोन क्षण कोणी हलायचं नाही, आणि मग हळूच, पेशंटला उठवताना बोलत असतील तशा आवाजात, "आता वर बघा." सगळ्या माना एकदम वर जायच्या. मजल्यांमधून आरपार थेट घुमटाच्या पोटापर्यंत नजर जायची, वरून उजेड झरत असायचा, आणि म्हातारी माणसं "वा" म्हणायची. काका स्वतः कधी वर बघत नसत. ते चेहरे बघायचे.

काकू फार पूर्वी गेल्या. एकुलती मुलगी मंजिरी शिकागोजवळ शॉमबर्गला. ती दर आठवड्याला काकांना सांगायची, बाबा, ड्रायव्हिंग बंद करा आणि इकडे या. मलाही फोन करायची. "टेल मी ऑनेस्टली, ही इज ड्रायव्हिंग ओके, ना?" मी मनापासून हो म्हणायची. मला कुठे काय दिसत होतं? गाडी वेळेवर यायची, बाबा हसत घरी यायचे. काका मात्र या विषयावर चिडत. "गाडी आहे तोवर मी आहे. गाडी गेली की मला शॉमबर्गच्या सोफ्यावर नेऊन बसवतील. रिमोट देतील हातात." सोफा हा शब्द ते एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा उच्चारायचे. थट्टा असायची, पण भीती खरी होती. अमेरिकेत गाडी गेलेलं माणूस कसं होतं, हे त्यांनी दर गुरुवारी दारोदार जाऊन पाहिलं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका गुरुवारी मी सुट्टी घेतली होती. रॉलीत दाताच्या डॉक्टरकडे काम होतं, ते झाल्यावर विचार केला, चला, आज आपणही थर्सडे पीपल. मी पोचले तेव्हा काकांची आग लागून विझली होती, पिंपं गडगडून झाली होती आणि सगळे मूर्तीभोवती उभे होते. मी मागे उभी राहिले.

"आता वर बघा."

मी वर बघितलं. वर काहीच नव्हतं. घुमटाच्या डागडुजीसाठी परांची बांधली होती आणि तिच्याखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरं कापड ताणून लावलं होतं. घुमट नाही, उजेड नाही, काही नाही.

"वा," बाबा म्हणाले.

"वा, वा," मावशी म्हणाल्या. बाकीचेही म्हणाले. काका समाधानाने हसले. "तो उजेड बघा कसा उतरतोय. सकाळचा असा, दुपारचा वेगळा." बाबांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. आणि एक गोष्ट तेवढ्यात लक्षात आली. या सगळ्यांना इथे गाडीतून काका घेऊन आले होते.

माझी गाडी तिथेच पार्किंगमध्ये ठेवून मी त्यांच्या व्हॅनमध्ये मागे चढले. बाबा पुढे, काकांच्या शेजारी. जन्मात कधी स्टिअरिंगला हात न लावलेला माझा बाप, सीटबेल्ट लावून, पुढे वाकून बसला आणि गाडी निघाली.

"लाल," बाबा म्हणाले. गाडी थांबली. "हं, हिरवा. उजवीकडून ट्रक येतोय, जाऊ द्या त्याला. गेला. चला." मधल्या सीटवरून मावशी डावी बाजू सांभाळत होत्या. "इकडे मोकळं आहे बरं का, डॉक्टर." कोणाच्या आवाजात घबराट नाही, घाई नाही. भजनी मंडळात कोण कधी तोंड उघडणार हे जसं सगळ्यांना माहीत असतं, तसं चाललं होतं. हे आजचं नव्हतं, महिनोन्महिने चालत आलेलं होतं.

"काका, गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं.

"पुढे ग्रोसरीचं दुकान आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "डावीकडे वळा. अजून थोडं. थांबा."

गाडी थांबली आणि मी बाबांवर तुटून पडले. बाहेर उतरून, भर पार्किंग लॉटमध्ये. तुम्हाला कळतं का काय करताय? एखादं मूल मध्ये आलं असतं तर? तुम्ही सगळे मेला असतात तर मी काय करणार होते? बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"हो, केलं असतं."

"मग मी परत बसलो असतो."

मी जास्तच भडकले. काका गाडीला एक हात लावून येरझारा घालत होते. म्हणाले, "त्याला बोलू नकोस. माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय, कडा शाबूत आहेत. रस्ता दिसतो, सिग्नल दिसत नाही. पण बाकी मला व्यवस्थित..."

"काय व्यवस्थित, काका? वर कापड लावलंय. घुमट दिसतच नाहीये."

मावशींनी पदर तोंडाला लावला. काका बाबांच्या दिशेला वळले. जरा तिरकी मान करून, कडेने बघत. "नागपूरकर, केव्हापासून आहे कापड?"

बाबा खाली बघत होते. "झाले बरेच गुरुवार."

"आणि तुम्ही 'वा' म्हणत होतात."

"तुम्हाला बरं वाटायचं, डॉक्टरसाहेब."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. गाडी जाण्याने जे झालं नसतं ते त्या एका 'वा'ने झालं होतं. ते म्हणाले, "टेबलावर पेशंट असताना मी कधी डुलकी काढली नाही. कधीच नाही. आणि इथे गाडीभर पेशंट घेऊन डोळे मिटून निघत होतो." त्यांनी किल्ली काढली आणि माझा हात चाचपून त्यात ठेवली. मागायची वेळ त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही. परतीच्या वाटेवर व्हॅन मी चालवली. काका पहिल्यांदा मागे बसले, आणि घर येईपर्यंत त्यांचा पाय माझ्या सीटच्या मागे सारखा हलत होता.

काकांना शॉमबर्गला न्यायला मंजिरी आली आणि आठवड्याभरात घर आवरलं. निघायच्या दिवशी काकांनी मला अंगणात बाजूला घेतलं. मला वाटलं, रागावलेत. रागावले होतेच. "बाकी सगळं ठीक," म्हणाले, "पण एक शब्द दे. तू मला कधी 'वा' म्हणायचं नाहीस. कापड असेल तर कापड म्हण. आणि गुरुवार बंद करायचा नाही." मी शब्द दिला. एरवी पाया पडायला वाकलं की ते "कंबर मोड अशीच रोज" म्हणून चेष्टा करायचे. त्या दिवशी नुसता डोक्यावर हात ठेवला.

बाबांच्या तिकिटाचा विषय पुन्हा निघेल म्हणून मी धास्तावले होते. निघाला नाही. बॉसशी भांडून मी गुरुवारचं काम घरून आणि उशिरापर्यंत करायची सवलत मिळवली. आता निळी व्हॅन मी चालवते. बाबा पुढे बसतात आणि मला कारण नसताना "लाल" म्हणून सांगतात. मी चिडते. ते सांगत राहतात.

पहिल्याच गुरुवारी आम्ही मूर्तीपाशी पोचलो आणि माझा फोन वाजला. "स्पीकरवर टाक," काका म्हणाले. डेस्कवरच्या बाई लांबूनच ओरडल्या, "इज दॅट द डॉक्टर?" आणि काकांची आग लागली. शब्दन् शब्द तोच, 'जे हलत नाही ते जळतं'सकट. शॉमबर्गच्या मोठ्या मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आत म्हातारी माणसं चालायला येतात, त्यांच्यात हे लवकरच सामील झाले. मंजिरी सांगत होती, तिथल्याही दोन-तीन गुजराती आजोबांना त्यांनी सोफ्यावरून उठवलंय. ते चालता चालता बोलायचे, त्यामुळे गोष्टीबरोबर त्यांच्या बुटांचा आवाज आणि काठीचा टकटकाट सतत यायचा. इथे दगडी भिंतींत तो घुमायचा.

दर गुरुवारी फोन उचलला की नमस्कार-चमत्कार नाही. एकच शब्द.

"कापड?"

"कापड," मी सांगायची.

"काय ही कामाची पद्धत," असं पुटपुटून ते पुढे जायचे. शेवटी "आता वर बघा" म्हणायचेच. आम्ही कापडाकडे बघायचो. कोणी 'वा' म्हणत नसे. मी बाबांना बजावलं होतं.

मग या वसंतातल्या एका गुरुवारी आम्ही आत शिरलो आणि परांची नव्हती. मी सगळ्यांना दटावलं, आत्ता कोणी वर बघायचं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"कापड?"

"काका, आज तुम्ही आधी गोष्ट सांगा."

त्यांना संशय आला असावा, पण सांगितली. छप्पर पेटलं, मूर्ती हलली नाही, घोड्यांनी दगड ओढले, पिंपं गडगडली. सगळे मूर्तीभोवती गोल उभे राहिले, माना खाली घालून. मावशींच्या शेजारी या खेपेला नवीन आलेल्या एक आजी होत्या, त्यांना तर काहीच कल्पना नव्हती. फोनमधून बुटांचा आवाज येत होता.

"आता वर बघा," काका म्हणाले.

आम्ही वर बघितलं.

कोणी बोललं नाही. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. मावशींचे हात आपोआप जोडले गेले होते. नव्या आजी मला घट्ट धरून उभ्या होत्या. मला वाटलं होतं मी मोठ्याने सांगेन, पण मीही नुसती वर बघत राहिले.

"अरे, बोला की कोणीतरी," काका वैतागले. "अजून आहे का कापड?"

"नाही, काका."

"मग सगळे गप्प का?"

"कोणालाच काही सुचत नाहीये."

पलीकडे बुटांचा आणि काठीचा आवाज थांबला. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत एका जागी उभं राहिलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे खरंच काढलं," काका म्हणाले, आणि थोड्या वेळाने पावलं पुन्हा सुरू झाली.